विषारी साप हाताळायला शिकायचं आहे: हुक कोणता, पिशवी कशी, सुरुवात कुठून?

सोयाबीनपट्टा (ता. अहमदपूर, जि. लातूर)

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे, वय १७. आमच्याकडे सोयाबीनची बनीम (काढलेल्या पिकाचा ढीग) उचलताना, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर), विहिरीच्या पायऱ्यांत साप निघतात आणि बहुतेक वेळा काठीखाली जातात. धामण, दिवड, तस्कर, मांडूळ मला ओळखता येतात. आता विषारी सापही नीट पकडून सोडायला शिकायचं आहे.

विचारायचं ते असं. हुक घ्यावा की चिमटा? जाड चामड्याचे हातमोजे चालतात का? व्हिडिओत बरेच जण शेपूट धरून नाग उचलतात, ते बरोबर आहे का? पिशवीत साप घालताना हात कुठे ठेवायचा? आणि सुरुवात फुरशापासून केली तर चालेल का? ते लहान असतं म्हणून विचारते. घरच्यांना सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यांनाही वाचून दाखवता येईल असं लिहा.

गोदाकाठ (नांदेड)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरा धोका तिथेच आहे. फुरसं आपल्या भागात फूट-दीड फुटाचं असतं, पण चार प्रमुख विषारी सापांत (नाग, मण्यार, घोणस, फुरसं) हाताळायला सगळ्यात अवघड तेच. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं घालून ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं. करवतीसारखा आवाज येतो आणि त्याच स्थितीतून झडप पडते. अंग इतकं हलकं की हुकावर टिकत नाही, आणि लहान म्हणून माणूस नकळत जवळ वाकतो. काही जण लहान सापासाठी आखूड हुक करतात. तिथेच चूक होते. हुकाचा वाकडा भाग लहान हवा, दांडा तेवढाच लांब हवा.

अठरा पूर्ण होईपर्यंत विषारी सापाला हुकसुद्धा लावू नकोस, हे आधीच स्पष्ट लिहितो. पण तोवर शिकण्यासारखं भरपूर आहे, आणि पुढे तेच उपयोगी पडतं. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

हुक: दांडा १.२ मीटर, १२ ते १६ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पाईप. पुढे ६-८ मिमी सळईचा हुक, आतली रुंदी ५ ते ६ सेंमी, फुरशासाठी ३ सेंमी. टोक घासून गोल केलेलं असावं, नाहीतर खवल्यात रुततं. बांधकामाची सळई वाकवून केलेला हुक जड पडतो. मनगट दमतं, आणि दमलेलं मनगट साप खाली पाडतं.

चिमटा मी सुचवत नाही. तो दाबला की सापाच्या बरगड्या आणि मणके दुखावतात. त्या वेळी काही दिसत नाही, पण सोडलेला साप पुढे मरतो. शिवाय जोरात दाबलेला साप जिवाच्या आकांताने उलटतो. चिमट्याचा खरा उपयोग पिशवीचं तोंड धरायला किंवा सापावर पडलेलं फडकं लांबून उचलायला.

हातमोजे नकोत. घोणशीचे दात दीड सेंटीमीटरच्या आसपास असतात, बाजारातल्या चामड्यातून आरपार जातात. आणि मोजा घातला की हात पुढे जातो. मोज्याची गरज पडेल इतक्या जवळ हात यायलाच नको. पायांत मात्र गुडघ्यापर्यंत गमबूट आणि जाड जीन्स हवीच. डोक्याला लावायची बॅटरी हवी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

शेपूट धरणं: घोणस आणि फुरशाच्या बाबतीत कधीच नाही. त्यांच्या अंगात उलटून हातापर्यंत येण्याची ताकद असते. मण्यार दिवसा वेटोळ्यात डोकं लपवून मेल्यासारखी पडते, शेपटीला धरली की एकदम झटका देऊन वळते. नागाचं शेपूट धरून हुकाने अंगाला आधार देणारे अनुभवी लोक आहेत, पण त्यातही हात सापाच्या कक्षेत असतो. शिकणाऱ्याने ती पद्धत घेऊच नये. पाईप आणि पिशवीने तेच काम हात न लावता होतं.

पिशवीचं माप नीट लिहून घे. कापड गडद रंगाचं जाड सुती ड्रिल. तोंड लावून फुंकल्यावर हवा पलीकडे गेली पाहिजे. नवीन कापडाची खळ दोनदा धुऊन काढायची. पिशवी ९० सेंमी खोल, ४५ सेंमी रुंद. तोंडाला ३० सेंमी लांबीची निमुळती बाही शिवायची. चार इंची, म्हणजे ११० मिमीच्या पीव्हीसी पाईपचा घेर साधारण ३५ सेंमी असतो, म्हणून सपाट ठेवल्यावर बाहीची रुंदी १९-२० सेंमी ठेवली की ती पाईपवर घट्ट बसते. शिवण दुहेरी, आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला. आत राहिलेला दोरा लहान सापाच्या तोंडाला, मानेला गुंडाळला जातो. तळाचे दोन्ही कोपरे तिरके शिवून बंद करायचे. साप कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो आणि बाहेरून पिशवी उचलताना बोटं नेमकी तिथेच जातात.

पाईपचा तुकडा दीड फुटाचा, काळा किंवा बाहेरून काळा रंगवलेला. मण्यारसाठी ७५ मिमीचा. कापलेली कड कानशीने घासून घ्यायची.

वापर असा. एका टोकावर पिशवीची बाही चढवलेला पाईप भिंतीला चिकटवून जमिनीवर आडवा ठेवायचा, वर पोतं टाकायचं, म्हणजे समोरून ते अंधारं बीळ दिसतं. घाबरलेला साप भिंतीच्या कडेने आडोसा शोधत जातो, त्याला फक्त दिशा द्यायची. हुक शेपटीच्या बाजूला हळूच टेकवायचा, ढकलायचं नाही. थांबणं हेच निम्मं काम आहे. साप अर्धा आत गेल्यावर घाई केली तर तो आतल्या आत वळून परत येतो. शेपटीचं टोक आत गेलं की मोकळं तोंड वर येईल असा पाईप उभा करायचा, साप पिशवीच्या तळाशी घसरतो. मग साप आणि पाईप यांच्यामधला बाहीचा भाग हुकाच्या दांड्याने जमिनीवर दाबून धरायचा. पाईप काढायचा. दांड्याच्या वरच्या बाजूने बाहीला पीळ द्यायचा, दुमडायची, दोरी बांधायची. हात नेहमी दांड्याच्या अलीकडे, साप पलीकडे.

बिघडतं कुठे? पिशवी चपटी पडलेली असते, सापाला पाईपच्या शेवटी कापडाची भिंत लागते आणि तो माघारी फिरतो. म्हणून पिशवी आधी फुगवून पसरायची. पाईप पांढरा असतो, आतून उजेड येतो, साप शिरतच नाही. किंवा बांधून झाल्यावर माणूस पिशवी मांडीला टेकवून फोटोला उभा राहतो. कापडातून दंश होतो, हे पक्कं ध्यानात ठेव. बांधलेली पिशवी गाठीच्या खाली हुक घालून उचलायची आणि झाकणाच्या बादलीत ठेवायची. बादलीला भोकं आतून बाहेर पाडायची, म्हणजे धारदार कड बाहेर राहते.

सध्या सराव कशावर करायचा? सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये वाळू भर, दोन्ही टोकं बांध. साधारण चार फुटांची कर. ती हुकावर उचलायला लाग. एका ठिकाणी उचलली की घसरते, पुढून एक तृतीयांशावर एक हुक आणि मागे दुसरा हुक लावला की स्थिर राहते. घोणशीसारख्या जाड सापाला असाच दोन ठिकाणी आधार लागतो. हीच ट्यूब पाईपमधून पिशवीत घालून, दांड्याने दाबून, गाठ मारून बघ. हात दांड्याच्या पलीकडे जातो का, हे मैत्रिणीला बघायला सांग.

माळरान (बीड)

वरच्या उत्तरात एक भर घालायची आहे. साप पकडताना दोन माणसं असतात, आणि दुसऱ्या माणसाचं काम कुणी शिकवत नाही. हुक हातात असलेला माणूस पिशवी बघतो, पाईप बघतो, लोकांना उत्तर देतो. दुसऱ्याने फक्त सापावर नजर ठेवायची असते. साप सरकला की मोठ्याने सांगायचं: "डावीकडे", "चुलीमागे", "तोंड बाहेर". गर्दी पंधरा फूट मागे नेणं, कुत्रं बांधणं, दाराखालच्या फटीत पोतं कोंबणं हे काम त्याने साप पकडायला सुरुवात होण्याआधीच उरकायचं. तू आत्ता हे काम एखाद्या नोंदणीकृत सर्पमित्राबरोबर सुरक्षित अंतरावरून शिकू शकतेस. अंतराचा हिशेब: निदान सापाच्या लांबीइतकं, आणि लांबी कळत नसेल तर दोन मीटर.

आता ओळख. तुझ्या यादीत बिनविषारी कवड्या नाही, आणि माळवदाच्या घरांत सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. कवड्या आणि मण्यार दोघंही रात्री घरात येतात, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीने, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे फिकट किंवा नाहीसेच. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरळ होत जातात. खात्रीची खूण पाठीवर असते. मण्यारच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले षटकोनी आणि बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे, कवड्याचे सगळे सारखे. पण ही खूण फोटो मोठा करून बघायची आहे, वाकून नाही. मण्यारच्या पिल्लांत पुढच्या भागातही पट्टे असतात, त्यामुळे नुसत्या पट्ट्यांवर "कवड्या आहे" असं कधीही म्हणू नये. शंका आली की मण्यार समजायचं.

दुसरी गल्लत घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस यांची. घोणशीला (काही गावांत परड म्हणतात) पाठीवर गडद कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीसारख्या. डोकं त्रिकोणी, शेपूट निमुळतं. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, शेपूट आखूड. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेतली जाते, तेही याच ठिपक्यांमुळे. घोणशीचा फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आणि लांबलचक असतो. तो ऐकला की जागेवर थांबून सावकाश मागे सरकायचं.

घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. पावसाळ्याच्या तोंडाला वीतभर पिल्लं बांधावर, काडीकचऱ्यात दिसू लागतात आणि ती पहिल्या दिवसापासून विषारी असतात. हिवाळ्यात घोणशीच्या मिलनाचा काळ, तेव्हा नर दिवसाही फिरताना दिसतात. काळ्या मातीला भेगा पडल्या की उंदीर त्यात शिरतात, मागोमाग नाग. मुरमाड माळ, दगडांच्या ताली, बालाघाटाची उतरण ही फुरशाची जागा. तिथे दगड उलटायचाच झाला तर हुकाने पलीकडची कड उचलून स्वतःकडे कलता करायचा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि दगड मध्ये आड राहतो. त्याच दगडाखाली तांबडा विंचूही असतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले.

एक वही कर. तारीख, वेळ, जागा, पीक, साप, कुणी ओळखला. वर्षभरात आपल्या शिवाराचा सापांचा नकाशा तयार होतो, आणि तो हुकापेक्षा जास्त लोकांचा जीव वाचवतो. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला कोणत्या बांधाने जाऊ नये, हे त्यातून सांगता येतं.

रात्रपाळी (अंबाजोगाई)

दवाखान्याच्या बाजूने लिहितो. घरच्यांना हे नक्की वाचून दाखव.

साप चावला तर: हालचाल बंद. अंगठी, घड्याळ, कडं, पैंजण लगेच काढायचं, सूज आल्यावर ते निघत नाही. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. वेळ लिहून ठेवायची. १०८ ला फोन, किंवा जी गाडी आधी मिळेल ती. रुग्णाला चालवायचं नाही, उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवायचं. दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काही नको. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, अशा वेळी कापलेली जखम थांबता थांबत नाही. आवळलेली दोरी दवाखान्यात एकदम सोडली की अडलेलं विष एकाच वेळी शरीरात पसरतं, म्हणून कुणी बांधून आणलीच असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. लिंबाचा पाला कडू लागतो का बघणं किंवा मारुतीच्या देवळात रात्रभर बसवणं यात जो वेळ जातो तोच जीवघेणा ठरतो. देवाला नमस्कार गाडीत बसून करता येतो.

साप मारून आणू नका. मेलेल्या सापाचं डोकंही काही काळ चावू शकतं. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असते. सुरुवातीचा डोस साधारण १० व्हायल (कुप्या), सलाईनमधून. लहान मुलांनाही तेवढाच, कारण साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे खाज, गांधी, रक्तदाब उतरणं अशी रिॲक्शन येऊ शकते. म्हणून ती ॲड्रेनलिन (ही रिॲक्शन आवरणारं इंजेक्शन) हाताशी असलेल्या दवाखान्यातच द्यायची असते, घरी किंवा आखाड्यावर नाही. काही सर्पमित्र लस सोबत बाळगायचं म्हणतात, त्याचा उपयोग नाही.

रक्ताची तपासणी साधी असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकं करून बघतात. गोठलं नाही तर घोणस-फुरशाच्या विषाची शक्यता. मण्यारची गोष्ट वेगळी. दंश दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं, घसा दुखतो म्हणून उठतो आणि मग पापण्या मिटू लागतात. पुढे श्वास थांबतो. तिथे लसीइतकंच व्हेंटिलेटरला महत्त्व आहे.

म्हणून साप शिकण्याआधी दवाखाना शिकून घे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती व्हायल आहेत, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर कुठे आहे, हे कागदावर लिहून हुकाच्या दांड्यालाच चिकटव. तुमच्या बाजूने लातूर, अंबाजोगाई आणि नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. यातलं लवकर कुठलं गाठता येतं, हे दिवसा आणि रात्री वेगळं असू शकतं.

सर्पमित्रांसाठी एक खास सूचना. सापांशी सतत संबंध येणाऱ्यांना विषाचीच ॲलर्जी होऊ शकते. मग थोड्याशा विषानेही काही मिनिटांत श्वास अडकतो. पिशवी हाताळल्यावर शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी असं होत असेल तर ते दुर्लक्षित करायचं नाही.

शिवारवाट (हिंगोली)

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणं आणि सापळ्यात अडकवणंही येतं. नवीन दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि त्यानंतर नाग, घोणस, अगदी धामणसुद्धा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. म्हणजे सरावासाठी धामण घरी ठेवणं हासुद्धा गुन्हा. वस्तीतून साप हलवायचा तर वन विभागाच्या परवानगीने काम करणाऱ्यांनीच हलवायचा. वन विभागाची हेल्पलाईन १९२६. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, नोंद असलेल्या सर्पमित्रांची नावं माग, पालकांना सोबत ने.

सोडण्याबद्दलही शिकून ठेव, कारण तिथे खूप साप मरतात. पकडलेला साप शक्यतो त्याच शिवारात, वस्तीपासून थोड्या अंतरावर, त्याच दिवशी सोडायचा. वीस-तीस किलोमीटरवरच्या डोंगरात नेऊन सोडलेल्या सापाला ना बीळ माहीत असतं ना पाणी. पिशवी मोटारसायकलच्या डिकीत ठेवायची नाही, एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात डिकी तापून आतला साप मरतो. सोडताना पिशवीची गाठ हुकाने सैल करायची, तळाचा कोपरा हुकाने उचलायचा आणि मागे सरकायचं. पिशवीत हात घालून ती उलटी करायची नाही, साप निघून गेल्यासारखा वाटला तरी.

सोयाबीनपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाईप-पिशवी शिवायला घेतेच, आणि आरोग्य केंद्रात पप्पांबरोबर जाऊन विचारते. एकच राहिलं. रात्री घरात मण्यार दिसली आणि सर्पमित्राला यायला तासभर लागणार असेल, तर तोपर्यंत काय करायचं?

गोदाकाठ

आधी खाली झोपलेली माणसं उठव, पण घाईत अंथरूण झटकू नका. लाईट लावा. सगळे खोलीबाहेर. खोलीतून साप दिसत राहील अशा दारात किंवा खिडकीत एक जण उभा राहील, किमान तीन मीटर लांब, पायांत बूट. बाकीच्या दारांच्या फटीत आणि मोरीच्या भोकात ओलं पोतं कोंबायचं, तेही साप खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तरच. घमेलं किंवा पाटी पालथी घालायला जाऊ नकोस, त्यासाठी हात सापाच्या वर न्यावा लागतो. रॉकेल, फिनेल, मिरचीचा धूर काही करू नका. त्याने साप खोलीभर सैरावैरा होतो आणि पुढच्या माणसाचं काम अवघड होतं. बॅटरी सापावर रोखून धरू नकोस, त्याच्या बाजूच्या जमिनीवर धर.

साप दिसेनासा झाला तर खोली बंद करून बाहेरच थांबायचं, शोधायचं नाही. सर्पमित्र आला की त्याला आधी सांग: शेवटचा कुठे दिसला, तोंड कोणत्या बाजूला होतं, खोलीत बिळं आणि मोऱ्या कुठे आहेत. साप कोणता असावा हा अंदाज त्यानंतर.